वारंवार ‘तुटणाऱ्या’ हार्ड डिस्कचे दुखणे

पेण, प्रतिनिधी –

बाह्य हार्ड डिस्कवरून छायाचित्रे संगणकात उतरवून घेण्याचे काम चाललेले असते. निम्मे काम होते न होते तोच संगणकातून उतरत्या सुरांचा ‘टुंग-टुंग’ असा आवाज येतो आणि पडद्यावरून डिस्कचे चिन्ह नाहीसे होते. दोन-तीन सेकंदांनी चढत्या सुरांचा आवाज येतो, चिन्ह पुन्हा दिसू लागते. काम नव्याने सुरू करावे, तर पुन्हा तोच प्रकार. डिस्क बिघडली म्हणावी तर ती दिसते आहे, आणि ठीक आहे म्हणावी तर काम होत नाही. संगणक वापरणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येणारे हे दुखणे आहे. धरमतर खाडीच्या काठी, पेण, वडखळपासून पोयनाडपर्यंतच्या खारेपाटात, त्याला हवेचीही साथ मिळते.

या भागात अशा डिस्कवर पुष्कळ काही साठवलेले असते. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत मागील वर्षांच्या मूर्तींची छायाचित्रे हीच नव्या गिऱ्हाइकाला दाखवायची वही असते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पावसाळ्याच्या कितीतरी आधी रवाना कराव्या लागतात, त्यामुळे त्या छायाचित्रांवाचून अडून राहण्यास सवड नसते. लग्नसमारंभाची छायाचित्रे काढणाऱ्याच्या डिस्कवर तर दुसऱ्याच्या घरचा पुन्हा न येणारा दिवस असतो. अशा वेळी डिस्क ‘दुरुस्त’ करण्याची घाई होते, आणि तेथेच चूक होते. वारंवार तुटणारी डिस्क पुष्कळदा निकामी झालेली नसते. दोष केबलचा, जोडणीचा किंवा अपुऱ्या विजेचा असतो. परंतु तो कोणाचा हे कळण्यापूर्वीच केलेल्या उपचारांनी चांगली माहिती गमावली जाऊ शकते.

आधी माहिती, मग निदान

डिस्क पुन्हा दिसू लागल्यावर विंडोज कधी कधी ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे’ अशा अर्थाची सूचना देते. ती रद्द करावी. संगणकाला डिस्कवरील अनुक्रमणिका त्या क्षणी वाचता आली नाही, एवढाच त्या सूचनेचा अर्थ असतो. डिस्कवर काही उरलेले नाही, असा नव्हे. त्याचप्रमाणे ‘स्कॅन अँड फिक्स’ किंवा ‘चेकडिस्क’ ही आज्ञाही या टप्प्यावर देऊ नये. ‘चेकडिस्क’ अनुक्रमणिकेतील चुका सुधारताना डिस्कवर लिहीत असते, आणि लिहिता लिहिता जोडणी पुन्हा तुटली तर अर्धवट सुधारलेली अनुक्रमणिका मूळच्या चुकीहून वाईट ठरते. एक्सफॅट पद्धतीने बांधलेल्या डिस्कला हा धोका अधिक. एनटीएफएस पद्धतीत बदलांची नोंद आधी वेगळ्या रोजनाम्यात होते आणि जोडणी तुटल्यावर त्या आधारे सावरता येते. एक्सफॅटमध्ये असा रोजनामा नाही.

डिस्क जोडलेली राहते तेवढ्या काळात जे सर्वांत महत्त्वाचे ते आधी, थोडे थोडे करून, दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावे. ‘कट’ करू नये, ‘कॉपी’च करावे. एकदम पाचशे जीबी निवडून झोपी जाण्यापेक्षा एकेक फोल्डर घेतलेला बरा. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा खंडित झालेले काम पुन्हा पुढे नेऊ शकते. मात्र एखादी फाइल वाचता न आल्यास ती मुळात दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते आणि दर खेपेस तीस सेकंद थांबते. ही चिकाटी आजारी डिस्कच्या जिवावर उठणारी असल्याने प्रयत्नांची संख्या एकावर आणून ठेवावी. तशी सोय त्या आज्ञेतच आहे.

विजेचा हिशेब

डिस्क कधी तुटते, याकडे नीट लक्ष दिले तर निम्मे निदान होते. केबलला हात लागला की तुटत असेल, तर जोडणी सैल आहे. काही काळ काम न करता पडून राहिल्यावर तुटत असेल, तर संगणकाची वीज वाचवण्याची सवय नडते आहे. जोडताक्षणी किंवा मोठ्या फायली उतरवू लागताच तुटत असेल, तर पहिला संशय विजेवर घ्यावा.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा नसतो. तिची मोटर, तिचा वाचनशीर्ष हलवणारी यंत्रणा आणि तिचे इलेक्ट्रॉनिक्स हे सारे यूएसबी पोर्टमधून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालते. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या मानकानुसार एका पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॅट एवढी वीज द्यावयाची असते. २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिॲम्पिअर, म्हणजे साडेचार वॅट झाली. डिस्कची तबकडी एकदा फिरू लागली की तिला बहुधा याहून कमी पुरते. परंतु थांबलेली तबकडी गतीत आणताना काही क्षण सुमारे एक ॲम्पिअरपर्यंत प्रवाह ओढला जातो. बैलगाडी चालू ठेवण्यापेक्षा जागची हलवण्यास जोर अधिक लागतो, तसाच हा प्रकार. नेमक्या त्या क्षणी पोर्ट कमी पडले की डिस्क बंद पडते, पुन्हा सुरू होऊ पाहते, पुन्हा बंद पडते.

पोर्ट पुरेसे असले तरी वाटेत वीज गळते. स्वस्त केबलमध्ये २८ गेजची तार असते. अशी एक मीटर केबल घेतली, तर जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारांचा मिळून रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. ०.९ ॲम्पिअर प्रवाहाला त्यात जवळजवळ ०.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि डिस्कच्या दारात ५ ऐवजी ४.६ व्होल्टच पोहोचतात. २४ गेजच्या जाड तारेत हीच गळती ०.१५ व्होल्टच्या आसपास राहते, आणि अर्धा मीटर केबल घेतली तर त्याच्याही निम्मी. ‘केबल बदलून पाहा’ हा सल्ला दुकानदार सवयीने देतो, पण त्यामागे हे साधे गणित आहे. मात्र बदललेली केबल आखूड व जाड हवी. तशाच दुसऱ्या लांब, बारीक केबलने काही सिद्ध होत नाही.

मेजावरील संगणकाच्या पुढच्या बाजूची पोर्टे कॅबिनेटमधील आणखी एका तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात. ती टाळून डिस्क मागच्या पोर्टला लावावी. एका पोर्टाची चार पोर्टे करणारा बिनविजेचा हब मध्ये असेल, तर तो प्रथम काढावा. एका पोर्टाचीच वीज तो माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांच्यासह वाटून देत असतो. स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब ही गोष्ट वेगळी. लॅपटॉपचे पोर्ट अशक्त असेल तर असा हब कामास येतो.

साडेतीन इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर असतो. वर्षानुवर्षे चालून त्यातील कपॅसिटर दमले की, बिनभाराने मोजल्यास तो १२ व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच खाली येतो. अशी डिस्क थांबते, पुन्हा फिरते, टकटकते. आणि मालकाला वाटते की डिस्कच गेली. त्याच व्होल्टचा, त्याच ध्रुवतेचा आणि तेवढ्याच किंवा अधिक ॲम्पिअरचा दुसरा ॲडॉप्टर लावून पाहावा. येथे एक सावधगिरी हवी. दुकानाच्या फळीखाली राउटर, डिस्क आणि लॅपटॉप यांच्या ॲडॉप्टरांचा गुंता पडलेला असतो आणि काहींची टोके एकमेकांत सहज बसतात. लॅपटॉपचा ॲडॉप्टर बहुधा १९ व्होल्टचा असतो. तो डिस्कला लावला गेला, तर किरकोळ दुखण्याचे खरेखुरे दुखणे होते.

खारी हवा आणि पिना

यूएसबी जोडणीतील पिना निकेलवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा दिलेल्या असतात. सोने गंजत नाही, पण मुलामा जितका पातळ तितकी त्यात सूक्ष्म छिद्रे अधिक. शिवाय डिस्क रोज काढता-लावताना तो घासला जातो. खारी, दमट हवा त्या छिद्रांतून खालच्या धातूपर्यंत पोहोचते आणि पिनेवर डोळ्यांना न दिसणारा थर धरू लागतो. धरमतरच्या खाडीत भरतीचे पाणी आत येते, काठाला खारजमिनी आणि मिठागरे आहेत, आणि जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोखंडी खिडक्यांचे गज येथे किती वर्षे टिकतात हे ठाऊक असलेल्यांना पिनांचे काय होत असेल हे वेगळे सांगावयास नको.

या थराचा परिणामही मोजता येतो. नव्या यूएसबी जोडणीत एका स्पर्शाचा रोध ३० मिलिओहमच्या आत असावा, असा नियम आहे. तो दहापट होऊन ३०० मिलिओहम झाला, तर ०.९ ॲम्पिअरला त्या एका स्पर्शावर ०.२७ व्होल्ट खर्ची पडतात. केबलच्या दोन टोकांना वीज जाण्याचे व परतण्याचे मिळून असे चार स्पर्श असतात. म्हणजे एक व्होल्टहून अधिक दाब केवळ गंजापायी गेला. मग केबल कितीही जाड घ्या.

उपाय साधा आहे. डिस्क आणि संगणक दोन्ही बंद करून, ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मऊ ब्रशने लावून पिना पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. हात धुण्याचे सॅनिटायझर किंवा अत्तर वापरू नये; त्यात पाणी आणि इतर द्रव्ये असतात. सुईने किंवा टाचणीने खरवडले तर मुलामाच निघून जातो. मूर्तींच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या डिस्कच्या पोर्टांत प्लास्टरची बारीक भुकटी बसते. ती आधी कोरड्या ब्रशने झटकून काढावी. कच्च्या प्लास्टरला ओल लागली की काय होते, हे तेथील कारागिरांना अधिक चांगले ठाऊक आहे.

पिना स्वच्छ करूनही खोबणीच ढिली झालेली असू शकते. यूएसबी ३.० च्या अनेक बाह्य डिस्कवर रुंद, चपटी, दोन भागांची ‘मायक्रो-बी’ खोबण असते. बॅगेत डिस्क केबलसकट कोंबण्याच्या सवयीने ती लवकर हलू लागते. येथे एक युक्ती उपयोगी पडते. या खोबणीच्या रुंद भागात जुन्या मोबाइलची मायक्रो-यूएसबी केबल बसते; फक्त ती डेटा वाहून नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. त्यामुळे डिस्क यूएसबी २.० च्या गतीने चालते आणि वेगवान जोडणीच्या नाजूक पिना बाजूला राहतात. डिस्क अशी स्थिर राहिली, तर दोष त्या पिनांचा किंवा मूळ केबलचा होता हे कळते. वेग सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच मिळतो आणि एक टीबी माहिती उतरवण्यास साडेआठ-नऊ तास लागतात. पण ती उतरते.

हवेचा आणखी एक संबंध आहे. सर्वसाधारण हार्ड डिस्क हवाबंद नसते. आतला व बाहेरचा दाब समान राहावा म्हणून तिला एक बारीक छिद्र आणि त्यावर गाळणी असते. गाळणी धूळ अडवते. बाष्प पूर्णपणे अडवू शकत नाही. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून डिस्क पावसाळी हवेत आणली की थंड धातूवर दव धरते. अशी डिस्क तासभर तशीच ठेवून मग जोडावी. बिघडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक अघोरी उपाय पूर्वी सांगितला जाई. त्याने नेमके हेच दव तबकडीवर धरते.

संगणकाची काटकसर

वापर नसलेल्या यूएसबी उपकरणाला झोपवून वीज वाचवणे हे विंडोजचे धोरण आहे, आणि सर्वच डिस्क त्या झोपेतून नीट जाग्या होत नाहीत. कंट्रोल पॅनेलमधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये, चालू योजनेच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय बंद करता येते. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये प्रत्येक ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी अनुमती असते, तिची खूणही काढावी. मॅकवर हार्ड डिस्कला झोपवण्याचा असाच पर्याय आहे. एवढ्याने सुटणारे दुखणे हे सर्वांत स्वस्त दुखणे.

तेवढ्याने सुटले नाही, तर संगणकाने ठेवलेली नोंद वाचावी. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘सिस्टिम’ या नोंदवहीत ‘डिस्क’ या नावाखाली काही क्रमांक सापडतात. १५७ म्हणजे डिस्क अचानक निघून गेली. १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ७ म्हणजे तबकडीवरील एक भाग खराब आढळला. नुसतेच १५७ दिसत असेल, तर संशय वीज, केबल आणि खोबण यांच्यावर राहतो. ७ दिसू लागला, तर दुखणे खुद्द तबकडीचे आहे.

याला दुजोरा डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदींतून मिळतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा विनामूल्य प्रोग्रॅम त्या दाखवतो. ‘०५’ आणि ‘सी५’ या दोन ओळींतील मूळ संख्या शून्य असाव्यात. पहिलीत बदलून टाकलेले आणि दुसरीत संशयित विभाग मोजलेले असतात. त्या वाढत असतील, तर केबलची चर्चा थांबवावी. ‘सी७’ वाढत असेल आणि बाकी सारे शून्य असेल, तर डिस्क व तिच्या पेटीतील यूएसबी सर्किट यांच्यामधली देवाणघेवाण बिघडलेली असू शकते. पेटीच बिघडली असेल तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या पेटीत घालता येते. निदान जुन्या डिस्कच्या बाबतीत येत असे. अलीकडच्या अनेक खिशातल्या डिस्कमध्ये यूएसबी खोबण थेट डिस्कच्या सर्किटवरच बसवलेली असते. काहींत तर पासवर्ड न लावताही माहिती त्याच सर्किटमार्फत सांकेतिक रूपात लिहिली जाते. अशी डिस्क उघडून फायदा नाही, आणि हमी मात्र जाते.

डिस्कच खराब असेल तर

लयीत येणारी ‘टक्-टक्’ किंवा घरघर ऐकू आली, आणि चांगली केबल व पुरेशी वीज देऊनही ती थांबत नसेल, तर डिस्क बंद करावी आणि पुन्हा जोडू नये. तबकडी आणि वाचनशीर्ष यांच्यामधले अंतर काही नॅनोमीटरचे असते. शीर्ष टेकत असेल तर प्रत्येक फेऱ्यात माहिती खरवडली जाते. येथून पुढचे काम धूळरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेचे आहे. तिचा खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. तो करायचा की नाही, हे डिस्कवर काय आहे यावर ज्याचे त्याने ठरवावे.

आवाज नाही, पण खराब विभाग वाढत आहेत, अशा मधल्या अवस्थेत लिनक्सवरील ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हा विनामूल्य प्रोग्रॅम उपयोगी आहे. तो सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, अडणारा भाग शेवटास ठेवतो, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्याने डिस्क मध्येच तुटली तरी तेथूनच पुढे जातो. ज्यांना हे स्वतः जमणार नाही, त्यांनी दुरुस्ती करणाऱ्याला ‘आधी संपूर्ण प्रत, मग बाकीचे’ असे स्पष्ट सांगावे. सराईत दुकानदारही गिऱ्हाइकाच्या घाईपोटी प्रथम ‘चेकडिस्क’ चालवून मोकळा होतो.

दोष नेहमी वापरणाऱ्याकडे किंवा हवेकडेच असतो असेही नाही. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या ‘एक्स्ट्रीम’ आणि ‘एक्स्ट्रीम प्रो’ मालिकांतील काही एसएसडी चालू असतानाच संगणकापासून तुटत होत्या. अनेकांची माहितीही गेली. वेस्टर्न डिजिटल या तेव्हाच्या मालक कंपनीला दोष मान्य करून फर्मवेअरची सुधारित आवृत्ती द्यावी लागली. म्हणून नवी एसएसडी तुटत असल्यास माहिती उतरवून घेतल्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावर फर्मवेअर पाहून घ्यावे. दोन-अडीच हजार रुपयांत ‘१६ टीबी’ म्हणून विकली जाणारी एसएसडी मात्र बिघडलेली नसते. ती मुळात बनावट असते. आत लहानसे मेमरी कार्ड असते आणि क्षमता संपताच पुढे लिहिलेले सारे हरवते.

प्रश्न उरतो तो दुसऱ्या प्रतीचा. दुसरी डिस्क घेऊन ती त्याच कपाटात ठेवणारे अनेक असतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा रायगडमध्ये घरांची छपरे उडाली आणि काही गावांना कित्येक दिवस वीज नव्हती. एकाच कपाटातील दोन डिस्क अशा दिवशी एकत्रच भिजतात. दुसरी प्रत नातेवाइकाच्या घरी, शक्यतो खाडीपासून दूर, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी, ती एकदा बाहेर काढून, पिना पुसून, जोडून पाहावी आणि वर्षभरातील नवे काम तीत भरून घ्यावे.